पैसा फंड आणि एका पायाची धाव

रविवारी पहाटे मिरामारहून दोना पावलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर हल्ली धावणाऱ्यांचे थवेच्या थवे दृष्टीस पडतात. डॉक्टर, बँकेतील कारकून, निवृत्त शिक्षक, महाविद्यालयीन मुली, सारे एकाच रंगाचे सदरे घालून निघालेले असतात. मडगाव, म्हापसा, वास्को येथे आणि घाटापलीकडे बेळगावपासून बडोदे-इंदुरापर्यंत धावणाऱ्यांची अशी मंडळे निघाली आहेत. ज्या समाजात चाळिशी उलटलेला गृहस्थ बस चुकू नये एवढ्यापुरताच धावत असे, त्या समाजात ही गोष्ट लहान नव्हे. तिचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो.

या मंडळांपैकी अनेकांनी आपल्या धावण्याला लोककार्याची जोड दिली आहे. कोणी वृक्षारोपणासाठी धावतो, कोणी मुलींच्या शिक्षणासाठी, आणि बरेच जण कर्करोगासाठी. प्रवेशमूल्य भरावे, छातीवर क्रमांक लावावा, पाच किंवा दहा किलोमीटर धावावे, पदक गळ्यात घालून घ्यावे, उपमा-चहा घेऊन घरी यावे, असा हा सोहळा असतो. कमानीवर प्रायोजकांची नावे झळकतात. मात्र जमलेल्या रकमेपैकी सदरे, पदके, कमान आणि उपमा यांवर किती गेली आणि रोगाच्या वाट्याला किती आली, हे धावणाऱ्यालाही सहसा ठाऊक नसते. तो विचारीतही नाही. पुण्यकार्याचा हिशेब विचारणे अशिष्टपणाचे, ही आपली जुनी समजूत आहे. देवस्थानांच्या बाबतीत ती आपल्याला किती महाग पडली, हे येथे सांगण्याचे कारण नाही.

हिशेबाहूनही मूलभूत असा एक प्रश्न आहे. कर्करोगासाठी म्हणजे नेमके कशासाठी? गरीब रुग्णाच्या औषधासाठी, लोकजागृतीसाठी, की संशोधनासाठी? तिन्ही कार्ये चांगलीच आहेत, परंतु ती एक नव्हेत. पहिल्या कार्यासाठी आपला माणूस हात आखडता घेत नाही. समोर आजारी मूल दिसले की खिसा सैल होतो. दुसऱ्यासाठी फलक आणि भाषणे पुरतात. तिसऱ्या कार्यासाठी सामान्य माणसाने पैसा द्यावा ही कल्पना मात्र आपल्याकडे अद्याप रुजलेली नाही. ती जेथे रुजली तेथे कशी रुजली, हे समजून घेण्यासाठी कॅनडातील एका मुलाची कथा विस्ताराने सांगणे आवश्यक आहे.

टेरी फॉक्स हा १९५८ साली विनिपेग येथे जन्मलेला आणि ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील पोर्ट कोक्विटलम या गावात वाढलेला मुलगा. उंचीने बेताचा, परंतु बास्केटबॉलच्या संघात हट्टाने शिरलेला. १९७७ च्या मार्च महिन्यात, वयाच्या अठराव्या वर्षी, उजव्या गुडघ्याच्या दुखण्याचे निदान हाडाचा कर्करोग असे झाले आणि पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री त्याच्या शाळेतील बास्केटबॉलच्या प्रशिक्षकाने त्याला एक मासिक आणून दिले. १९७६ ची न्यूयॉर्कची मॅरेथॉन कृत्रिम पायाने पुरी करणाऱ्या डिक ट्राउम या गृहस्थाविषयीचा लेख त्यात होता. पुढे सोळा महिने केमोथेरपी चालली. त्या काळात आजूबाजूच्या खाटांवर पाहिलेल्या यातना या मुलाच्या मनातून गेल्या नाहीत. त्याने धावण्याचा सराव सुरू केला आणि १९७९ च्या ऑक्टोबरात कॅनडाच्या कर्करोग संस्थेला पत्र लिहून कळविले की, मी हा देश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत ओलांडणार आहे आणि त्यातून जमणारा पैसा संशोधनाला देणार आहे. संस्थेला हे वेड वाटले, आणि वाटावे असेच ते होते. चौदा महिन्यांच्या सरावात तो पाच हजारांहून अधिक किलोमीटर धावला होता, हे मात्र पत्र वाचणाऱ्यांच्या लक्षात लगेच कसे यावे?

१२ एप्रिल १९८० रोजी न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्स येथे त्याने आपला कृत्रिम पाय अटलांटिकच्या पाण्यात बुडविला आणि धाव सुरू केली. सोबत एक मित्र आणि एक मोटारगाडी. पुढे धाकटा भाऊ येऊन मिळाला. त्या काळचा कृत्रिम पाय धावण्यासाठी घडविलेला नव्हता. डाव्या पायाने दोन उड्या, मग उजव्याचे एक पाऊल, अशी त्याची चाल होती. खुंटाला जखमा होत, रक्त येई. रोज जवळजवळ बेचाळीस किलोमीटर, म्हणजे एक पुरी मॅरेथॉन, असा त्याचा नेम होता.

आरंभी कोणी फारसे लक्ष दिले नाही. परंतु न्यूफाउंडलंडच्या पश्चिम टोकाला पोर्ट-ओ-बास्क नावाचे बंदर आहे. समुद्रावर पोट भरणाऱ्या सुमारे दहा हजार वस्तीच्या त्या गावाने त्याच्यासाठी दहा हजार डॉलर जमविले. माणशी एक डॉलर. आपल्या देशाची लोकसंख्या दोन कोटी चाळीस लाख, प्रत्येकाने एकच डॉलर दिला तर दोन कोटी चाळीस लाख डॉलर जमतील, हा साधा त्रैराशिक हिशेब पुढे त्याच्या धावेचे उद्दिष्टच झाला. क्वेबेक प्रांतात त्याची फारशी दखल घेतली गेली नाही, मोटारवाल्यांनी त्याला रस्त्याच्या कडेला ढकलले. ऑन्टारिओत पोचताच मात्र वारे फिरले. ११ जुलैला टोरांटोच्या चौकात सुमारे दहा हजार माणसे त्याच्या स्वागतास उभी होती. हॉटेलांच्या व्यवसायातील इसाडोर शार्प या उद्योजकाचा तरुण मुलगा दोन वर्षांपूर्वी कर्करोगाने गेला होता. त्याने मैलामागे दोन डॉलर देऊ केले आणि आणखी ९९९ कंपन्यांनी तसेच करावे असे आवाहन केले.

१ सप्टेंबर १९८० रोजी, १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर अंतर कापल्यावर, थंडर बे या शहराजवळ खोकला आणि छातीतील वेदना यांनी त्याला थांबविले. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतचा रस्ताही एवढा लांब नाही. रोग दोन्ही फुफ्फुसांत पसरला होता. तोपर्यंत जमलेली रक्कम सुमारे सतरा लाख डॉलर होती. तो खाटेवर पडल्यानंतर लोक जागे झाले, हे मानवी स्वभावाला धरूनच झाले. एका दूरचित्रवाणी संस्थेच्या एका कार्यक्रमातच एक कोटी पाच लाख डॉलर जमले. १ फेब्रुवारी १९८१ रोजी निधी दोन कोटी एकेचाळीस लाख डॉलरांच्या पुढे गेला, म्हणजे माणशी एक डॉलर हे उद्दिष्ट पुरे झाले. २८ जून १९८१ रोजी तो मरण पावला. तेविसावा वाढदिवस एका महिन्यावर आला होता.

हे सारे शौर्य म्हणून सांगण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि शाळेतील धड्यात ते तसेच सांगितले जाईल. आम्हांला या कथेतील महत्त्वाची गोष्ट निराळी वाटते. शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टरांनी टेरीला सांगितले होते की, तुझ्या जगण्याची शक्यता शेकडा ५० आहे, दोन वर्षांपूर्वी ती शेकडा १५ होती. मधल्या काळात घडले ते संशोधन. ते ऐकून या अठरा वर्षांच्या मुलाने देवाचे आभार मानण्यावर भागविले नाही. ही पस्तीस टक्क्यांची भर कोणी, कोठे आणि कोणाच्या पैशाने घातली, असा विचार त्याच्या मनात आला. संशोधनासाठी धावायचे, हे त्यातूनच ठरले.

ती भर कोठून आली? १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाडाच्या कर्करोगावर दोन औषधांचा उपयोग होऊ लागला होता. त्यांपैकी एक ॲड्रियामायसिन. इटलीतील एका जुन्या किल्ल्याजवळच्या मातीत सापडलेल्या सूक्ष्म जीवाच्या कुळातून ते निघाले, आणि जवळच्या ॲड्रियाटिक समुद्रावरून त्याचे नाव पडले. दुसरे मेथोट्रेक्सेट. त्याच्या मुळाशी आपलाच एक माणूस आहे. आंध्रातील भीमावरम येथे १८९५ साली जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव हे अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत संशोधनप्रमुख होते. त्यांच्या चमूने तयार केलेले ॲमिनोप्टेरिन हे द्रव्य बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी मुलांना दिले, आणि ती मुले काही काळ तरी बरी झाल्याचा वृत्तांत १९४८ साली प्रसिद्ध झाला. मेथोट्रेक्सेट हे त्याच कुळातील. सुब्बाराव त्याच वर्षी वारले. आपल्या औषधाच्या घराण्यामुळे पुढे हाडाच्या कर्करोगाने गाठलेली मुले जगतील, हे त्यांना कोणी सांगितले असते तरी त्यांनी ते ऐकून हसण्यावारी नेले असते.

संशोधनाला पैसा देणे अवघड जाते ते याचमुळे. रुग्णाला दिलेल्या शंभर रुपयांची गोळी डोळ्यांसमोर येते. प्रयोगशाळेला दिलेल्या शंभर रुपयांचे पुढे काय होईल ते प्रयोगशाळेलाही ठाऊक नसते. कित्येकदा काहीच होत नाही. ज्या हाडाच्या कर्करोगाने टेरी गेला, तो वेळीच, एके ठिकाणी असताना सापडल्यास आज शेकडा ६० ते ७० रुग्ण वाचतात. पण ही मजलही बरीचशी १९८० च्या दशकातच गाठली गेली आणि त्यानंतर त्या रोगाच्या बाबतीत प्रगती फारशी पुढे सरकलेली नाही. देणगीदाराला हे सांगितलेच पाहिजे. न सांगता घेतलेली देणगी आम्हांस फसवणूकच वाटते.

टेरीच्या मागे काय राहिले तेही पाहण्यासारखे आहे. १३ सप्टेंबर १९८१ रोजी त्याच्या नावाची पहिली धाव कॅनडात भरली. तीन लाख लोक धावले वा चालले आणि पस्तीस लाख डॉलर जमले. ती प्रतिवर्षी भरते. त्याच्या नावाच्या निधीने आजवर ८५ कोटी कॅनडियन डॉलरांहून अधिक रक्कम संशोधनासाठी उभी केली आहे. या धावेचे नियम मोठे विलक्षण आहेत. ती शर्यत नाही, त्यामुळे पहिला-दुसरा कोणी नाही. प्रवेशमूल्य नाही; ज्याला जे द्यावयाचे ते त्याने द्यावे. सदऱ्यावर वा कमानीवर कोणत्याही कंपनीचे नाव नाही. टेरीने स्वतः गाडी, तेल, बूट अशी वस्तुरूप मदत कंपन्यांकडून घेतली, परंतु आपल्या धावेचा उपयोग कोणाच्याही मालाच्या जाहिरातीसाठी होऊ दिला नाही. तो दंडक त्याच्या मागेही पाळला गेला. परदेशांत होणाऱ्या अशा धावांचा पैसा त्या त्या देशातील संशोधनाकडेच जातो. मुंबईतही ही धाव झालेली आहे.

माणशी एक डॉलर ही कल्पना मराठी वाचकाला परकी वाटू नये. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून वर्षाला एक पैसा मागून स्वदेशी उद्योगांसाठी ‘पैसा फंड’ उभारला, लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिले, आणि त्यातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना उभा राहिला. तेथेही देणाऱ्याला पैशाच्या मोबदल्यात काही मिळत नव्हते. आपल्या एका पैशातून काच होईल की नाही, झाली तर ती कोणाच्या खिडकीला बसेल, हे त्याला ठाऊक नव्हते. तरीही तो देत होता. आणि वास्कोचा दामोदर भजनी सप्ताह एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साथीच्या दिवसांत सुरू झाला, असे सांगतात. चोवीस तास भजन अखंड चालवायचे, एकाने सोडले की दुसऱ्याने धरायचे, ही शिस्त आमच्या लोकांच्या अंगी आहे. ती प्रयोगशाळेच्या कामी का येऊ नये?

येथे कोणी म्हणेल की, संशोधन हे श्रीमंत देशांचे काम, आपण त्यांची औषधे वापरावीत. हा समज चुकीचा आहे. सर दोराबजी टाटा यांच्या नावाच्या विश्वस्त निधीने १९४१ साली परळला टाटा स्मारक रुग्णालय उभारले. तेथे रोगविज्ञानाची धुरा वसंत रामजी खानोलकर यांनी वाहिली. आडनावच त्यांचे किनारपट्टीशी नाते सांगते. १९४५ साली त्यांनी सहकाऱ्यासह प्रसिद्ध केलेला निबंध आजही वाचावा असा आहे. धोतर कमरेला वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट कसल्याने तेथे होणारा कर्करोग, बिहारात खालच्या ओठाआड तंबाखू धरल्याने होणारा, आणि आंध्र किनाऱ्यावर चुट्टा नावाची विडी पेटते टोक तोंडात घेऊन ओढल्याने टाळूला होणारा, असे तीन प्रकार त्यांनी लोकांच्या सवयींशी जोडून दाखविले. बोस्टनच्या प्रयोगशाळेला हे कधी सुचले असते काय? गोव्याने २००५ साली कायदा करून गुटख्यावर बंदी घातली, तिच्या मुळाशी अशाच अभ्यासांची साखळी आहे. त्याच रुग्णालयात गोमंतकीय शल्यविशारद डॉ. अर्नेस्ट बोर्जिस यांनी हयात घालविली. रुग्णालयासमोरील रस्त्याला त्यांचे नाव आहे. गोव्याहून गाडीने जाऊन परळला उतरणाऱ्या शेकडो कुटुंबांना तो पत्ता पाठ असतो, मात्र त्यातले नाव कोणाचे हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

त्याच संस्थेत अलीकडे झालेली दोन कामे येथे सांगतो. तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करताना मानेतील ग्रंथी त्याच वेळी काढाव्यात, की रोग तेथे पोचल्याचे दिसेपर्यंत थांबावे, हा वाद जगभरातील शल्यविशारदांत पन्नास वर्षे चालला होता. टाटा रुग्णालयाने डॉ. अनिल डिक्रुझ यांच्या नेतृत्वाखाली स्वतःच्या निधीतून त्याची रीतसर चाचणी घेतली. २०१५ साली निष्कर्ष आला की, त्याच वेळी ग्रंथी काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी शेकडा ८० रुग्ण जिवंत होते, थांबलेल्यांपैकी शेकडा ६७.५. यात नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. अशा प्रश्नाचे उत्तर शोधण्यात कोणत्याही औषध कंपनीला एका पैशाचा लाभ नाही, म्हणून कंपनी त्यावर खर्च करणार नाही. भारतीय पुरुषांत तोंडाचा कर्करोग सर्वाधिक आढळतो, तेव्हा हे उत्तर मुंबईनेच शोधावयास हवे होते.

दुसरे काम मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील. १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांत हा अभ्यास चालला. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना प्रशिक्षण देऊन, सौम्य ॲसिटिक आम्लाच्या, म्हणजे व्हिनेगरच्या जातीच्या द्रवाच्या साह्याने गर्भाशयमुखाची तपासणी केली असता त्या कर्करोगाचे मृत्यू शेकडा ३१ ने घटतात, असे २०१३ साली सिद्ध झाले. तत्कालीन उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांत १ लाख ३१ हजार स्त्रियांच्या अभ्यासातून असे दिसले की, विषाणूची चाचणी आयुष्यात एकदा जरी केली तरी त्या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात. ते निष्कर्ष २००९ सालचे.

या दोन अभ्यासांना पैसा कोणी दिला? मुंबईच्या अभ्यासाला अमेरिकी सरकारच्या कर्करोग संस्थेने आणि उस्मानाबादच्या अभ्यासाला अमेरिकेतील गेट्स प्रतिष्ठानने. त्यांचे उपकार मान्य करूनही ही गोष्ट आम्हांला बोचते. शरीर आमच्या भगिनींचे, रोग आमच्या खेड्यातला, तपासणारे हात आमचे आणि पैसा तेवढा परका. तुलनेसाठी निवडलेल्या हजारो स्त्रियांची तपासणीच केली गेली नाही, यावर पुढे परदेशांतील टीकाकारांनी कठोर आक्षेप घेतले. आक्षेपात कितपत तथ्य आहे यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. परंतु हा प्रश्न प्रथम मुंबईच्या वा सोलापूरच्या सभागृहात विचारला जावयास हवा होता. आपला पैसा नसला की आपण प्रश्नही विचारीत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. औषधावाचून माणसे मरत असताना संशोधनाची चैन कशाला? २०२२ या एका वर्षात आपल्या देशात कर्करोगाचे चौदा लाखांहून अधिक नवे रुग्ण आणि नऊ लाखांहून अधिक मृत्यू झाल्याचा जागतिक संस्थांचा अंदाज आहे. या पुरापुढे कोणत्याही धावेची झोळी पुरणारी नाही. रुग्णांवरील उपचाराचा भार सरकारनेच उचलला पाहिजे आणि त्यासाठी सरकारला धारेवर धरणे हे वृत्तपत्रांचे काम आहे. धावणाऱ्या मंडळांची झोळी लहान आहे. लहान झोळीने असे काम निवडावे की जे सरकार विसरते आणि कंपनी टाळते. व्हिनेगरची चाचणी हे तसे काम होते. किनाऱ्यावरील आमच्या लोकांच्या खाण्यापिण्यात, कामधंद्यात, सवयींत शोधण्यासारखे काय दडले आहे, हे बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयातील एखादा तरुण संशोधक सांगू शकेल. त्याला पहिली दोन वर्षे पुरतील एवढे पैसे चार मंडळांनी मिळून एका हंगामात जमविणे अशक्य नाही.

पाऊस ओसरला की धावांचा हंगाम सुरू होईल. मंडळांच्या चालकांना आमची विनंती आहे की, कर्करोगासाठी धाव ठेवणार असाल तर पत्रकावर दोन ओळी अधिक छापा. पैसा कोणत्या संस्थेतील कोणत्या अभ्यासासाठी जाणार ते पहिल्या ओळीत, आणि जमाखर्च कोणत्या तारखेस प्रसिद्ध होणार ते दुसऱ्या ओळीत. सदऱ्यांचा आणि उपम्याचा खर्च त्यात वेगळा दाखवावा. प्रायोजकाचे नाव कमानीवर न घालता धाव भरविता येते की नाही, याचा प्रयोग निदान एका मंडळाने या वर्षी करून पाहावा. जमाखर्च आमच्याकडे धाडल्यास तो या पत्रात विनामूल्य, आणि पहिल्या पानावर छापला जाईल.